अक्काचं शहागडचं तिकीट

अक्का, मेलेल्या माणसाशी बोलू नये, असं तूच मला बजावलं होतंस. माझी बायको गेली तेव्हा मी तिच्या कबरीपाशी बसून घरातल्या चार गोष्टी सांगत होतो, तर तू मागून येऊन माझा खांदा हलवलास. ती आता प्रभूजवळ आहे, तुझी डाळ करपली ते ऐकायला तिला वेळ नाही, म्हणालीस. तेव्हा मी मुकाट उठलो. आज तुझ्या कबरीपाशी बसलोय, उठणार नाही. जिवंत होतीस तोवर माझ्या प्रश्नांवर तू हसायचीस नाहीतर चहा ठेवायला उठायचीस. आता तुला बसून ऐकावंच लागेल.

तुला माती देऊन अजून महिना झालेला नाही. लोक येतात, खुर्चीवर टेकतात आणि सांगतात की अक्का म्हणजे प्रार्थनेची बाई. पाळकसाहेबांनी तर उपासनेत तुझ्यावर बराच वेळ घेतला. दुसऱ्यांसाठी गुडघे झिजवणारी भगिनी, प्रभूच्या आज्ञेत चालणारी भगिनी. मी पुढच्या रांगेत बसून मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, साहेब, तुम्हाला अक्का काय माहीत, तिला तिकीट मी फाडून दिलंय.

माझा स्वभाव संशयी. हे तू तोंडावर सांगायचीस आणि मी कधी नाकबूल केलं नाही. एसटीत कंडक्टर म्हणून हयात काढलेल्या माणसाचा दुसरा कुठला स्वभाव होणार? जालन्याहून अंबडचं तिकीट काढून पुढे शहागडपर्यंत झोपेचं सोंग घेणारे मी पाहिले. तिकीट लागू नये म्हणून मांडीवर घेतलेली, मिसरूड फुटायच्या बेतातली पोरं पाहिली. कोण खरं झोपलंय आणि कोण डोळे मिटून माझ्या पावलांचा कानोसा घेतंय, हे मला मागच्या दारातून कळायचं. अशा माणसाच्या गाडीत तू चढायचीस, पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचीस, आणि कुठलं देऊ विचारलं की म्हणायचीस, शहागडचं दे, प्रभूनं सांगितलंय.

काम काय, तर काम नाही. कुणी आजारी आहे का, तर नाही. उतरणार कुणाकडे, तर कुणाकडेच नाही. आपण कशाला चाललोय हे ज्या प्रवाशाला सांगता येत नाही त्याच्यावर नजर ठेवावी, हे मला नोकरीला लागल्या लागल्या एका जुन्या कंडक्टरने शिकवलं होतं. तुझ्यावर तर मला ठेवायलाच हवी होती, कारण शहागडला सलोमी होती.

सलोमी मुलगी माझी, पण वाढवली तू. तिची आई गेली तेव्हा तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. तू माझी थोरली बहीण, नवऱ्यामागे एकटी राहिलेली, मूलबाळ नाही. दोन गल्ल्या पलीकडून उजाडताना यायचीस, तिचं डोकं विंचरायचीस, डबा भरून शाळेला लावायचीस आणि मग स्वतःच्या चुलीकडे वळायचीस. मी ड्युटीवर. तिला नर्सिंगला घातली तीही तुझ्या हट्टाने. आणि तिनं ते अर्ध्यावर टाकून शहागडच्या एका पंक्चरवाल्याशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा ना आपल्या मंडळीतला, ना ओळखीपाळखीतला. मला कळलं ते लग्न होऊन गेल्यावर, चालत्या गाडीत, एका प्रवाशाच्या तोंडून. मी तिला निरोप धाडला की माझ्या दारात पाय ठेवू नको. ती माझीच लेक. तिनं उलट निरोप धाडला की पप्पा माझ्या दारात आल्याशिवाय मी त्यांच्या दारात येणार नाही. झालं, दोघांनी शब्द पाळला. आमच्या घरात दुसरी कुठलीही गोष्ट इतक्या नेमाने पाळली गेली नव्हती.

घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. तू लगेच बरं म्हणालीस. तिथंच मला पहिल्यांदा शंका यायला हवी होती, कारण इतक्या चटकन बरं म्हणणाऱ्यातली तू नव्हेस.

बुधवारची घरसभा तुझ्या ओसरीत भरायची. प्रार्थनेचे विषय सांगा म्हटलं की आपल्या बायका काय काय सांगतात ते मला पाठ आहे. नाव न घेता एका भावासाठी मागा, त्याचं पिणं वाढलंय, असं एकीनं म्हणायचं आणि सगळ्यांनी माना न वळवता कोपऱ्यातल्या घराकडे बघायचं. आपल्या वस्तीची खबरबात ज्याला हवी त्यानं पेपर लावू नये, बुधवारी तुझ्या ओसरीत डोळे मिटून बसावं. तू त्यातली नव्हतीस, हे मात्र कबूल करतो. तुझ्या कानात कुणी काही सांगितलं तर ते प्रभूखेरीज कुणाला कळायचं नाही. पण सलोमीचं नाव बंद केल्यावरच्या पहिल्या बुधवारी मी भिंतीला टेकून बसलेलो असताना तू म्हणालीस, "बापा, शहागडच्या एका घरासाठी मी तुझ्यापाशी मागून राह्यले." नाव घेतलं नव्हतंस, त्यामुळे मला बोलायला जागा ठेवली नव्हतीस. सगळ्यांचं आमेन मात्र असं काही मोठ्यानं झालं की नाताळलाही होत नाही.

मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही, तुला माहीतच आहे. गर्दीत डोळे मिटायची मला सवय नाही. तेव्हाही मी तुझ्याकडे टक लावून बघत होतो. चेहऱ्यावर कुठं लबाडी दिसते का शोधत होतो. दिसली नाही, म्हणून संशय आणखी बळावला.

मग तुझ्या फेऱ्या सुरू झाल्या. वार ठरलेला नाही, सणवार नाही. भाकरी थापता थापता मध्येच तवा उतरवायचीस, हात धुवायचीस आणि स्टँडचा रस्ता धरायचीस. कधी महिनाभर काही नाही, कधी एकाच आठवड्यात दोन फेऱ्या. अंगात ताप असतानाही एकदा चढलीस. मी म्हणालो, अक्का, प्रभूला म्हणावं निदान तुझा ताप उतरू दे. तू म्हणालीस, तो सांगतो तेव्हा जायचं असतं, आपल्याला जमेल तेव्हा नाही. आणि बरोबर माझ्या ड्युटीच्या गाडीला त्याचा हुकूम कसा सुटतो, असं मी विचारलं की तोंडाला पदर लावून हसायचीस.

एकदा अंबडच्या पुढे गाडी जवळजवळ रिकामी झाली. मी तुझ्या शेजारी येऊन बसलो आणि सरळच विचारलं.

"अक्का, तू सलोमीकडं जाती का न्हाई? खरं सांग."

"न्हाई जात."

"मंग शहागडला काय करती?"

"स्टँडवर बसती. समोर तिचं घर दिसतं. तिच्यासाठी मागती, तुझ्यासाठी मागती, अन् परतीच्या गाडीनं येती."

"अन् घरात जात न्हाई?"

"मला तेवढंच सांगितलंय, याकोब. घरासमोर जा म्हणून. जिना चढ म्हणून न्हाई सांगितलं. तो तुझा जिना हाय."

मी हसलो आणि उठून पुढच्या थांब्याची घंटी दिली. मनात म्हणालो, वा, म्हातारी पक्की आहे. जी बाई सलोमीला ताप आला की रात्रभर पाय चेपत बसायची, ती रस्त्याच्या अलीकडे बसून परत येते म्हणे. हे कुणाला सांगतेस? पण मी पुढे काही विचारलं नाही. खरं सांगू का, मला बरं वाटलं होतं. तू खोटं बोलतेयस याची मला बालंबाल खात्री होती आणि त्या खोट्यावर मी निर्धास्त झालो होतो. माझा शब्द शाबूत राहत होता आणि पोरगी वाऱ्यावर नव्हती. तिच्या डोक्याला कुणीतरी तेल लावत होतं, तिची सासू कशी आहे ते कुणीतरी डोळ्यांनी बघून येत होतं. तिला मुलगा झाल्याचं वस्तीत कळलं तेव्हा मी मनात म्हणालो, अक्का आहे ना. फुकटे प्रवासी मी जन्मभर पकडले. तुला मात्र पकडून मुद्दाम सोडून दिलं.

म्हणून तर मोसंब्या द्यायला लागलो. अंबडच्या बाजूला ओळखीच्या बागवाल्याकडून पिशवी भरून घ्यायचो आणि तुझ्या पायाशी ठेवायचो. वाटेत खा म्हणायचो. एवढ्या मोसंब्या एकट्या बाईनं वाटेत खाल्ल्या असत्या तर तिला गाडी थांबवूनच उतरवावं लागलं असतं. तू आधी पिशवीकडे बघायचीस, मग माझ्याकडे. कुणाला देऊ, असं विचारायचीस. तुझं तू बघ, असं मी म्हणायचो. नाव तरी घे, म्हणायचीस. मी तिकिटाचं मशीन काढून पुढच्या बाकाकडे सरकायचो.

रिटायर झाल्यावरही हे चालूच राहिलं. आता मी तुला स्टँडवर पोचवायला यायचो, पिशवी खिडकीतून आत द्यायचो. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मी म्हणालो, प्रभूनं सरकारलाही सांगितलेलं दिसतंय. तू म्हणालीस, सरकारनं ऐकलं तरी, तुझं काय?

एक गोष्ट मी तुझ्या नकळत कायम तपासत राहिलो, ती आता सांगायला हरकत नाही. ज्यांना देवाचं मार्गदर्शन होतं असे बरेच लोक मी पाहिलेत. एकाला प्रभूनं सांगितलं की मंडळीच्या पंचकमिटीचा अध्यक्ष तूच हो. एकाला भावाच्या प्लॉटला तारेचं कुंपण घालायला सांगितलं. प्रभू त्यांच्याशी बोलतो, पण त्यांच्या सोयीचं तेवढंच बोलतो. मी तुझ्यावर टपून बसलो होतो की एकदा तरी तो हिला हिच्या फायद्याचं काही सांगेल. आज पडून राहा म्हणेल, गरम गरम जेवून घे म्हणेल. तसं कधी झालं नाही. मला वाटायचं, माझं लक्ष नसताना होत असेल.

आणि मग कबरस्तानात काय झालं ते ऐक.

सलोमी आली होती. माझ्या दारात नाही, सरळ कबरस्तानात. नवरा होता, मुलगा होता. पोरगं मान वाकडी करून माझ्याकडे बघत होतं. सलोमीच्या केसात पांढरं दिसायला लागलंय. तिनं तुझ्यावर माती लोटली आणि हात न झटकता तशीच उभी राहिली. गीत झालं, आशीर्वाद झाला, लोक पांगले. मी तिच्याजवळ गेलो. इतक्या वर्षांनी बोलायचं तर काय बोलायचं. मी म्हणालो, तुला आत्याची उणीव जास्त भासणार, एवढी यायची तुझ्याकडं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आत्या माझ्याकडं कवाच आली न्हाई, पप्पा."

मला वाटलं, तुझं खोटं ती अजून सांभाळतेय. मी म्हणालो, आता लपवून काय उपयोग, मला सगळं माहीत होतं. तेव्हा तिनं सांगितलं. तिचं घर पंक्चरच्या दुकानावर, माडीवर. खिडकीतून समोर स्टँड दिसतं. तू पहिल्यांदा तिथे बाकावर बसलेली दिसलीस तेव्हा ती अनवाणी धावत खाली आली होती. रस्ता ओलांडून आली, तुझा हात धरून ओढला, वर चल म्हणाली. तू तिचं तोंड कुरवाळलंस, रडलीस, आणि बाकावरून उठली नाहीस. मला वर यायला सांगितलेलं न्हाई माय, एवढंच म्हणालीस. तिला वाटलं, ही मनाई मी, तिच्या बापानं, घातली. ती रागानं माघारी गेली आणि पुन्हा खाली आली नाही. चहा मात्र नवऱ्याच्या हाती पाठवत राहिली. तू चहा प्यायचीस, जावयाची विचारपूस करायचीस, आणि डोळे मिटून ओठ हलवत बसायचीस. मोसंब्या स्टँडवरच्या बायापोरांना वाटून टाकायचीस. सलोमी म्हणाली, माझ्या पोरालाबी एक मिळाली होती, बाकीच्या पोरांबराबर.

मी तिला बाळंतपणाचं विचारलं. विचारायला नको होतं. म्हणाली, "सासूनं केलं सगळं. चांगली बाई हाय. पण मी खिडकीतूनच बघत होते. आत्या आल्ती. दिसभर बसली. शेवटची गाडी लागली तवा गेली."

अक्का, तुझ्यावरची माती ओली होती आणि मी तुझ्यावर इतका संतापलो की मला पोरीसमोर उभं राहवेना. तू लबाड असशील या भरवशावर मी एवढी वर्षं जेवलो, झोपलो, रविवारी पांढरा शर्ट घालून उपासनेला बसलो. आणि तू तर खरंच बोलत होतीस. अगदी बाकासकट खरं. थोडं खोटं बोलली असतीस तर तुझं काय जाणार होतं? तुझ्या मांडीवर वाढलेली पोरगी बाळंतीण होऊन खिडकीत बसलीय, तू रस्त्याच्या या बाजूला, आणि दोघींच्या मधून नुसते ट्रक जातायत. अशी आज्ञा कोण देतं? ज्याला तू बाप म्हणायचीस तो बाप असा असेल तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय, हे मला तुला विचारायचं होतं. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. हे उत्तर ते लाइट गेली तरी देतात.

घरी येऊन मी नेहमीप्रमाणे तपास केला. एक तर तुझ्या प्रभूनं तुला खरंच तसं सांगितलं. नाहीतर तू मनानंच काहीतरी धरून बसलीस आणि त्यालाच त्याचा आवाज समजलीस. तिसरी शंका मला जास्त खरी वाटते. तू मला ओळखून होतीस. तू एकदा का तो जिना चढलीस, तर हा याकोब जन्मात चढणार नाही, तुझ्या हाती मोसंब्या पाठवून बाप झाल्याचं समाधान करून घेईल, हे तुला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. म्हणून माझी जागा तू रिकामी ठेवलीस आणि स्वतः बाहेर बसलीस. हे सांगणारा देव होता की माझी बहीण, याचा छडा मला अजून लागत नाही.

एवढं मात्र कळलं. तुला तिला भेटायची ओढ माझ्यापेक्षा जास्त होती. ताप असताना तू गेलीस ती काही ट्रक बघायला नाही गेलीस. आणि तरी उठली नाहीस. माझ्यासाठी कुणी एवढं सोसलं नव्हतं, आई-बापांनीही नाही. अक्का, हे तू असताना कळलं असतं तर मी तुझ्याशी आधी कडाडून भांडलो असतो आणि मग तुझ्या पायावर डोकं ठेवलं असतं. आता दोन्ही राहिलं.

सलोमी त्या दिवशी गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. या म्हणाली नाही. मीही येतो म्हणालो नाही.

नंतरच्या बुधवारी घरसभा दुसऱ्यांच्या घरी भरली. मी गेलो. प्रार्थनेचे विषय झाले. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी, नाव न घेता एका बहिणीचं भांडण. सगळ्यांनी आपापलं मागितलं. मी डोळे उघडे ठेवून एकेकीच्या तोंडाकडे बघत होतो, आता कोणीतरी म्हणेल, आता म्हणेल. आमेन झालं, चहा आला. शहागडच्या एका घरासाठी मागणारं कोणी उरलं नव्हतं. मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी शहागडला गेलो. तुझा बाक शोधावा लागला नाही, समोर पंक्चरचं दुकान, वर खिडकी. बसलो. तू हे बाकडं कसं सहन केलंस देव जाणे, पाठीला आधार नाही आणि हायवेची धूळ सगळी तोंडावर. सलोमी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं मला पाहिलं. हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली, मग आत गेली. हाक तिनं मारली नाही, मीही मारली नाही.

मी डोळे मिटले. कधी मिटत नाही, पण मिटले. बापा, असं म्हणालो आणि पुढे शब्दच सुचेनात. दुसऱ्यासाठी कसं मागतात ते मी इतकी वर्षं नुसतं बघितलं, शिकलो नाही. मग नुसती वाट बघितली. तू म्हणायचीस की आतून स्पष्ट कळतं, शंका राहत नाही. मी कान देऊन बसलो. ट्रकचे हॉर्न ऐकू आले, कांदाभजीवाल्याची हाक ऐकू आली. मग परतीची गाडी लागली आणि कंडक्टर जालना, जालना ओरडायला लागला. त्या क्षणी मला पक्कं वाटलं की हेच मार्गदर्शन, आज परत जावं, पुन्हा केव्हातरी यावं. इतकं माझ्या सोयीचं होतं ते, की हा माझाच आवाज आहे हे मी ओळखलं. गाडी निघून गेली.

अक्का, तुझी शप्पथ, मला कुणीही काहीही सांगितलं नाही. ना आतून, ना वरून. मी आपला उठलो. दोन ट्रक जाऊ दिले, रस्ता ओलांडला, आणि कठड्याला धरून जिना चढलो. दार उघडं होतं. ते आधीपासूनच उघडं होतं की तिनं मला बघून उघडलं, हे मी विचारलं नाही.